पहाटे सूर्याकडे पाठ करून उभ्या राहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहतात. डिसेंबरात रात्रपाळी संपवून त्या सकाळी पावणेसातच्या सुमारास घरी पोचल्या आणि गॅलरीत आल्या. समोर येऊरच्या डोंगरावर, म्हणजे चक्क पश्चिमेला, त्यांना आकाशात एक गुलाबी पट्टा दिसला आणि त्याच्या खाली निळसर काळपट थर. सूर्य उगवायला अजून अवकाश होता, आणि उगवणार होता तो इमारतीच्या मागच्या बाजूला. मग हे काय होतं? प्रदूषणाचा थर होता का? सूर्योदयाआधी इतकं सुंदर दिसणारं आकाश सूर्य वर आला की दहा मिनिटांत फिकं का पडतं? आणि ठाणे-नवी मुंबईतून हे नीट कुठून, केव्हा बघता येईल?

ताई, तो गुलाबी पट्टा प्रदूषणाचा नव्हता. तुम्ही पृथ्वीची सावली पाहिलीत. त्याहून मोलाचं म्हणजे तुम्ही पश्चिमेकडे पाहिलंत. मी 27 वर्षं ठाण्यातून आकाश बघतोय, लोकांना घेऊन आकाशदर्शनाला जातोय. पहाटे उठलेली माणसं पूर्वेकडे तोंड करून सूर्याची वाट बघत बसतात आणि त्यांच्या पाठीमागे जे चाललेलं असतं ते संपून जातं, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. मलाही हे कुठल्या पुस्तकातून कळलं नाही. सुरुवातीच्या दिवसांत चेंदणी कोळीवाड्याजवळ खाडीकाठी दुर्बीण लावून आम्ही चारपाच जण पूर्वेला शुक्र बघत होतो. जाळं घेऊन निघालेले एक म्हातारे कोळी बाबा जरा थांबले, आमच्याकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "मांगं बग." मागे वळलो तर पश्चिमेला अबोलीच्या फुलांचा रंग पसरला होता आणि त्याखाली पारव्याच्या गळ्यासारखा निळा-राखाडी थर. त्या दिवसापासून मी पहाटेच्या गटाला पहिली सूचना देतो ती हीच.

आता हे घडतं कसं ते सांगतो.

सूर्य पूर्वेच्या क्षितिजाखाली असताना त्याचे किरण आपल्यापर्यंत थेट येत नाहीत, पण आपल्या डोक्यावरच्या उंच हवेतून ते पुढे पश्चिमेकडे जात असतात. तिथे पोचेपर्यंत त्यांनी शेकडो किलोमीटर हवा कापलेली असते. हवेचे रेणू निळा प्रकाश सगळ्यात जास्त विखुरतात. तरंगलांबी निम्मी झाली तर विखुरणं सोळा पट होतं, इतका तो फरक तीव्र आहे. त्यामुळे वाटेतच निळा प्रकाश गळून जातो आणि पश्चिमेच्या हवेवर पडतो तो उरलेला तांबूस प्रकाश. त्यातला थोडा उलट फिरून आपल्या डोळ्यांत येतो. तोच तुमचा गुलाबी पट्टा. इंग्रजीत त्याला 'बेल्ट ऑफ व्हीनस' म्हणतात, शुक्राचा कमरपट्टा. त्याचा शुक्र ग्रहाशी काहीही संबंध नाही.

त्याच्या खालचा निळसर काळपट थर म्हणजे जिथे सूर्यकिरण अजून पोचलेच नाहीत ती हवा. किरण अडवले आहेत पृथ्वीच्या गोलाने. म्हणजे आपल्या पायाखालच्या जमिनीची सावली आपण आकाशात पडलेली बघत असतो. ही सावली पृथ्वीच्या मागे सुमारे 14 लाख किलोमीटर लांब गेलेली असते. चंद्र आपल्यापासून सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे, त्यामुळे तो जेव्हा तिच्यात शिरतो तेव्हा आपण चंद्रग्रहण म्हणतो. ग्रहणासाठी महिनोन्‌महिने थांबावं लागतं. ही सावली मात्र आकाश निरभ्र असेल तर रोज दोनदा दिसते, पहाटे पश्चिमेला आणि संध्याकाळी पूर्वेला. पहाटे ती खाली बुडत जाते, संध्याकाळी वर चढत येते. मला पहाटेची जास्त आवडते, कारण रात्रीत धूळ थोडी बसलेली असते आणि रस्त्यावरचा धूर अजून उठलेला नसतो.

दोन्ही थरांमधली सीमारेषा नीट बघा. सूर्योदयाच्या 25 मिनिटं आधी तो पट्टा वर, पण फिका असतो. 15 ते 10 मिनिटं आधी सगळ्यात ठळक, पारव्या पदराला अबोली काठ लावल्यासारखा. मग तो डोळ्यांदेखत खाली सरकतो आणि सूर्य उगवता उगवता क्षितिजात विरघळतो. हे सरकणं म्हणजे पृथ्वीचं फिरणं. एरवी आपल्याला ते कुठल्या तरी वस्तूवरून अनुमानाने समजून घ्यावं लागतं. इथे ते समोर घडताना दिसतं.

वेळांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे सगळं फार झटपट होतं. ठाणे उत्तर अक्षांश 19 अंशांवर आहे. इथे सूर्य क्षितिजाकडे बऱ्यापैकी उभा चढतो. तो 18 अंश खाली असताना आकाशात पहिला उजेड मिसळायला लागतो. ते सूर्योदयाच्या सुमारे 73 ते 83 मिनिटं आधी. 12 अंश खाली, म्हणजे साधारण 47 ते 53 मिनिटं आधी, क्षितिजाची रेघ दिसायला लागते; खलाशांना तारे आणि क्षितिज दोन्ही एकदम दिसण्याची ही वेळ, म्हणून तिला सागरी संधिप्रकाश म्हणतात. 6 अंशांवर, सूर्योदयाच्या 22 ते 24 मिनिटं आधी, नागरी संधिप्रकाश सुरू होतो आणि दिव्याशिवाय वाटेवरचा दगड दिसतो. लंडनमध्ये जूनच्या मध्यात सूर्य रात्रभर 18 अंश खाली जातच नाही, तिथे संधिप्रकाश रात्रभर रेंगाळतो. आपल्याकडे पाच मिनिटं उशीर झाला तर एक अख्खा रंग हुकलेला असतो.

या पायऱ्यांना मराठीत आधीपासून शब्द आहेत, आणि मला ते शास्त्रीय शब्दांपेक्षा नेमके वाटतात. माझी आजी मुरबाडकडची. तिच्या तोंडी पहाट झाली, झुंजूमुंजू झालं, तांबडं फुटलं, फटफटलं, उजाडलं, दिवस कासराभर वर आला, ही सगळी वेगवेगळी कामाची वेळापत्रकं होती. पाणी कधी भरायचं, गुरं कधी सोडायची ते त्या शब्दांवर ठरे. मी वेळ लावून पाहिली आहे. झुंजूमुंजू म्हणजे सूर्य साधारण 12 अंश खाली, तांबडं फुटतं ते त्यानंतर दहापंधरा मिनिटांनी, आणि फटफटतं ते 6 अंशांच्या आसपास. पंचांगातली घटका 24 मिनिटांची. म्हणजे आपल्या अक्षांशावरचा नागरी संधिप्रकाश जवळजवळ एका घटकेचा भरतो. धर्मशास्त्रात सूर्योदयाआधीच्या चार घटकांना, म्हणजे 96 मिनिटांना, अरुणोदय म्हटलं आहे. अरुण हा सूर्याचा सारथी, तो रथावर पुढे बसलेला असतो, म्हणून आधी दिसतो. आकाशाचा पहिला उजेड येण्याच्या जरा आधीपासून हा काळ मोजायला सुरुवात होते, याचं मला फार कौतुक वाटतं. कोणीतरी अंधारात बसून वाट बघितली असल्याशिवाय हा हिशेब सापडत नाही.

आपल्या संगीतानेही ही वेळ वेगळी ठेवली आहे. पहाटेचे आणि सांजेचे जे राग आहेत त्यांना संधिप्रकाश राग म्हणतात आणि कोमल रिषभ ही त्यांची खूण. ललतमध्ये दोन्ही मध्यम शेजारी शेजारी येतात आणि पंचम नाहीच. पूर्ण उजाडायच्या आधीच्या त्या अधांतरी उजेडासारखं. हे माझं ऐकणाऱ्याचं मत, गाणाऱ्याचं नव्हे.

आता डोक्यावरचा गडद निळा. बहुतेकांना वाटतं की दिवसा आकाश निळं असतं त्याच कारणाने ते पहाटेही निळं असतं. तसं नाही. सूर्य क्षितिजाखाली असताना किरण इतकी हवा कापून येतात की नुसत्या विखुरण्याच्या हिशेबाने डोक्यावरचं आकाश पिवळट राखाडी दिसायला हवं. तो निळा रंग राखतो ओझोन. 20 ते 30 किलोमीटर उंचीवरच्या ओझोनच्या थरातून प्रकाश तिरका, फार लांब वाटेने जातो आणि ओझोन त्यातला नारिंगी-पिवळा भाग शोषून घेतो. एडवर्ड हल्बर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1953 मध्ये हे गणिताने दाखवून दिलं. ओझोनचं नाव आपण अतिनील किरणांच्या संदर्भात ऐकतो. पण सूर्योदयाच्या अर्ध्या तासाआधी वर बघाल तेव्हा जो मोरपंखीकडे झुकणारा निळा दिसतो, तो तुम्हाला उघड्या डोळ्यांनी दिसलेला ओझोन आहे.

पूर्वेकडे क्षितिजापासून वर जाताना रंगांचा क्रम असतो: डाळिंबी, केशरी, पिवळा, मग एक अगदी फिकट हिरवट पट्टी, आणि वर निळा. ती हिरवट पट्टी शोधा. बऱ्याच जणांना ती दाखवल्याशिवाय दिसत नाही आणि एकदा दिसली की मग दरवेळी दिसते. कधीकधी सूर्योदयाच्या 20-15 मिनिटं आधी या सगळ्यावर जांभळट गुलाबी झाक येते. ती उंच वातावरणातल्या अतिसूक्ष्म कणांमुळे. ज्वालामुखीच्या मोठ्या उद्रेकानंतर ती महिनोन्‌महिने भडक दिसते. 1883 मध्ये क्राकाटोआ आणि 1991 मध्ये पिनाटुबो फुटल्यावर जगभर तसं दिसलं होतं.

उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग असतील तर नशीब समजा. ते आठ-दहा किलोमीटर वर असतात, त्यामुळे त्यांना सूर्य आपल्याआधी दिसतो, आणि सूर्योदयाच्या सुमारे पाव तास आधी ते खालच्या बाजूने पेटल्यासारखे होतात. खालचे गुबगुबीत ढग शेवटच्या काही मिनिटांतच रंगतात. म्हणजे रंग वरून खाली उतरतो. आधी आकाश, मग उंच ढग, मग खालचे ढग, मग डोंगराचा माथा, मग टॉवरचे वरचे मजले, आणि सगळ्यात शेवटी तलावाचं पाणी. तलावपाळीवर बसून एकदा हा क्रम मोजून बघा.

मग सूर्य आल्यावर हे फिकं का पडतं? एक कारण उघड आहे: उजेड. नागरी संधिप्रकाश सुरू होतो तेव्हापासून सूर्योदयापर्यंतच्या वीसबावीस मिनिटांत जमिनीवरचा उजेड साधारण शंभर पटीने वाढतो. सावलीचा थर क्षितिजाखाली जातो, पश्चिमेची हवा सरळ उन्हात येते आणि गुलाबी रंग पांढुरक्या उजेडात मिसळून जातो. दुसरं कारण आपल्या डोळ्यांत आहे, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. अंधारात डोळ्यांतल्या दंडपेशी काम करतात. त्यांना लाल रंग जवळजवळ दिसत नाही, निळा-हिरवा मात्र उजळ दिसतो. उजेड वाढला की शंकूपेशी कामाला लागतात आणि रंगांचा समतोल बदलतो. पहाटे ही अदलाबदल चालू असते. 19 व्या शतकात यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की पहाटे लाल फुलं काळपट आणि त्यांची पानं उजळ दिसतात, आणि उजाडल्यावर नेमकं उलट होतं.

हा प्रयोग घरी करता येतो. गॅलरीतल्या कुंडीत लाल जास्वंद असेल तर झुंजूमुंजू झाल्यावर तिच्याकडे बघा. फूल काळं दिसेल. घरातला दिवा बंद हवा, आणि मोबाईल तर अजिबात हातात नको, कारण अंधाराला सरावायला डोळ्यांना 20 ते 30 मिनिटं लागतात आणि मोबाईलचा उजेड ती सगळी घालवतो. मग बघत राहा. एका क्षणी त्या काळ्या फुलात लाल रंग येतो. तो केव्हा आला हे कधीच पकडता येत नाही. मी अनेक वर्षं प्रयत्न करतोय.

आता जागा. ठाणे शहराची रचना अशी आहे की पूर्वेला खाडीपलीकडे कळवा-मुंब्र्यावर पारसिकचा डोंगर आहे आणि पश्चिमेला येऊरची रांग. पारसिकमुळे सूर्य पंचांगातल्या वेळेपेक्षा काही मिनिटं उशिरा दिसतो. पुष्कळ जण त्यामुळे वैतागतात, मला ती देणगी वाटते. सूर्य प्रत्यक्ष डोळ्यांवर यायच्या आत रंग बघायला तेवढा जास्त वेळ मिळतो. तुमच्या कासारवडवलीतून येऊरची रांग क्षितिजाचा खालचा भाग झाकते, पण गुलाबी पट्टा क्षितिजापासून दहा ते वीस अंश वरपर्यंत असतो, म्हणून तो डोंगराच्या माथ्यावर टेकल्यासारखा दिसतो. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश भरते, त्यावरून अंदाज घ्या.

पण सावलीचा थर अगदी क्षितिजापर्यंत, पूर्ण बघायचा असेल तर नवी मुंबईला जा. ही गोष्ट मी आग्रहाने सांगतो. नवी मुंबईची पश्चिम मोकळी आहे. समोर खाडीचं पाणी, पलीकडे ट्रॉम्बेची टेकडी आणि मुंबईच्या इमारतींची बारीक रेघ. वाशीचं सागर विहार किंवा नेरूळचा खाडीकिनारा, दोन्ही चालतील. लोक तिथे सूर्यास्ताला गर्दी करतात. सूर्योदयाआधी मात्र तिथे चालायला येणारे चारदोन जण असतात आणि त्यांची नजर रस्त्यावर. नोव्हेंबर ते मे या दिवसांत ओहोटीच्या वेळी चिखलावर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चरत असतात. पहाटे ओहोटी असेल असा दिवस भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून निवडा. आकाशात अबोली पट्टा, त्याखाली पारवा थर, आणि त्या थराच्या पायथ्याशी हजारो पक्ष्यांची फिकट गुलाबी ओळ. या खाडीचा एक भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या, पाणथळीचा दर्जा मिळाला. काठावर प्रखर दिवे लावण्याची टूम निघते तेव्हा माझा जीव तुटतो तो पक्ष्यांसाठी आणि या अंधारासाठीही. 27 वर्षांत रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे गेले आणि पांढरे एलईडी आले. पांढऱ्या दिव्यातला निळा भाग हवेत जास्त विखुरतो. त्यामुळे पहाटेचा पहिला उजेड आणि दिव्यांचा उजेड वेगळा काढणं आता पूर्वीपेक्षा अवघड झालं आहे.

अंधारात येऊरच्या जंगलात मात्र जाऊ नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र आहे, रात्री प्रवेश बंद असतो आणि पहाट ही बिबट्यांच्या फिरण्याची वेळ आहे. उपवन तलावाच्या काठावरून येऊरवर उतरणारा रंग तितकाच छान दिसतो. पुलांवर गाडी थांबवूनही बघू नका.

ऋतू कोणता, हे आपल्याकडे जागेइतकंच महत्त्वाचं. जून ते सप्टेंबर ढगांचे. पण पावसाने दोनतीन दिवस उघडीप दिली की हवा धुतलेली असते, तशी पहाट वर्षभरात मिळत नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर माझा सगळ्यात आवडता काळ. अगस्त्याचा तारा त्या दिवसांत पहाटे दक्षिणेला दिसतो. अगस्त्य उगवला की गढूळ पाणी निवळतं असं जुनी माणसं म्हणत, आणि पाऊस ओसरण्याशी त्याची वेळ खरोखरच जुळते. नोव्हेंबरपासून थंडी पडली की वेगळी अडचण. रात्री जमीन थंड होते, तिला लागून गार हवेचा थर बसतो, वर उबदार हवा झाकणासारखी असते आणि धूर-धूळ खालीच कोंडते. तेव्हा क्षितिजाजवळ तपकिरी थर दिसतो. ताई, तुमची प्रदूषणाची शंका अगदीच अस्थानी नव्हती. ओळखायची खूण सांगतो: सावलीचा थर निळसर असतो आणि मिनिटामिनिटाला खाली सरकतो, धुराचा थर मळकट तपकिरी असतो आणि ऊन आल्यावरही जागच्या जागी राहतो.

सूर्योदयाची वेळ रोज बघून निघा. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास उगवतो, सगळ्यात उशिरा जानेवारीच्या मध्यानंतर, सव्वासातच्या सुमारास. डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय एका दिवशी येत नाहीत, हे लक्षात ठेवा. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर चालतं आणि आपण 73 अंशांवर, म्हणून आपली खरी स्थानिक वेळ घड्याळाच्या 38 मिनिटं मागे आहे. 1955 पर्यंत मुंबईत वेगळी 'बॉम्बे टाइम' चालायची, प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे. त्या हिशेबाने जानेवारीतला सूर्योदयही साडेसहाच्या आसपासच पडायचा. लवकर उठावं लागतं म्हणून कुरकुरणाऱ्यांना मी सांगतो, आत्ताचं घड्याळ तुमच्या बाजूचं आहे, जानेवारीत साडेसहाला उठूनही सगळं मिळतं.

चंद्राच्या दोन वेळा चुकवू नका. पौर्णिमेच्या किंवा तिच्या दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चंद्र पश्चिमेला मावळत असतो, आणि मावळताना तो या गुलाबी पट्ट्यातून सावलीच्या थरात उतरतो. नवी मुंबईच्या काठावरून हे पाहिलेली माणसं पुढच्या महिन्यात बोलावल्याशिवाय येतात. दुसरी वेळ वद्य त्रयोदशी-चतुर्दशीची. तेव्हा पूर्वेला चंद्राची बारीक कोर असते आणि तिचा उरलेला गोलही अंधुक राखाडी दिसतो. पृथ्वीवर पडलेलं ऊन परतून चंद्रावर गेल्यामुळे तो उजळलेला असतो. लिओनार्दो द व्हिंचीने पाचशे वर्षांपूर्वी याचं बरोबर कारण लिहून ठेवलं होतं. नरक चतुर्दशीला आपण अभ्यंगस्नानासाठी पंचांगात चंद्रोदय बघतो तो याच कोरीचा. दिवाळी पहाटेला अख्खं ठाणं राम मारुती रोड आणि तलावपाळीवर लोटलेलं असतं, वर्षातून एकदा सगळं शहर अरुणोदयाला जागं असतं. त्या दिवशी फटाक्यांचा धूर वाढायच्या आत पूर्वेला एकदा मान वळवा. मी दरवर्षी ओळखीच्या पोरांना तेवढंच सांगतो.

शुक्र पहाटे असेल तर तो कोणाला दाखवावा लागत नाही. तो साधारण 584 दिवसांनी पुन्हा त्याच स्थितीत येतो, त्यातले काही महिने पहाटे आणि काही महिने संध्याकाळी दिसतो. बाकीचे तारे विझल्यावरही तो टिकतो. सूर्योदयापर्यंत त्याच्यावर नजर न हलवता ठेवली तर उजाडल्यावरही तो बारीक पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसत राहतो. एक क्षण नजर हलली की गेला.

फोटोबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगतो. मोबाईल अंधार पाहून चित्र उजळ करतो, त्यात अबोली रंग धुऊन जातो. पडद्यावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा, फोन कठड्यावर टेकवा, दोन फोटो काढा आणि खिशात ठेवा.

आणि तुमच्या गॅलरीतून करण्यासारखं एक काम. गुलाबी पट्ट्याचा मध्य नेहमी सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असतो. डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या 25 अंश दक्षिणेला उगवतो, म्हणून पट्टा तुम्हाला पश्चिमेच्या उजव्या अंगाला, गायमुखाच्या बाजूला दिसला असणार. 20-21 मार्चच्या सुमारास तो बरोबर पश्चिमेला येईल. जूनमध्ये तितकाच डावीकडे गेलेला असेल, तेव्हा ढगांतून दिसला तर. डोंगराच्या माथ्यावरची एखादी खूण धरा, एखादा सुळका किंवा झाड, आणि रात्रपाळीहून आलात की तारीख आणि पट्ट्याची जागा वहीत लिहून ठेवा. रात्रपाळीच्या लोकांना ही वेळ आयतीच मिळते. मार्चपर्यंतच्या नोंदी झाल्या की मला कळवा. येऊरच्या रांगेवर तो पट्टा महिन्याला किती सरकतो, हे माझ्या घरातून मला कधीच मोजता आलेलं नाही, समोर इमारत आहे.